चंद्राबाईचं उरलेलं बी

आमची धाकटी जाऊ वनिता लगीन होऊन दारात उभी राहिली, तवा उंबऱ्यावरचं माप लवंडायच्या आधी ती खाली वाकून त्या मापाकडं टकामका बघायला लागली. मागं बायका खोळंबल्या. म्या तिच्या कानाशी लागून म्हटलं, "अगं, पाय लाव की! काय बघतीस?" तर ही नवी नवरी मुंडावळ्या बाजूला सारून मला म्हणते, "ताई, तांदूळ शिगोशिग भरलेत. वरच्या शिगेत किती आणि आतल्या मापात किती, तेवढंच बघत होते." म्या कपाळाला हात लावला. माझ्या दिराच्या नशिबी काय आलंय ते मला तिथंच कळलं.

भोरात तिच्या वडलांचं शिलाईचं दुकान हाय. पोरगी मशिनीखाली चिंध्यांत खेळली, गळ्यात टेप घालून वाढली. ह्या पन्ह्याच्या कापडात दोन झबली बसतात का तीन, हे ती शाळेत जायच्या आधीच सांगायची म्हणे. पुढं शिकली, मास्तरीण झाली, आन् आमच्या गावाजवळच्या हायस्कूलात गणित शिकवायला लागली. मी त्याच शाळेत पोरांची खिचडी शिजवते. सकाळी ती स्कूटी चालवते, मी मागं पालेभाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसते, आन् रस्ताभर आमची हुज्जत चालते. मी वेल्ह्याकडची. आवाज उपजतच मोठा आन् राग नाकावर. ती मात्र कधी आवाज चढवत न्हाई. नुसतं विचारते, "ताई, मोजून बघूया का?" एवढं ऐकलं की माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो!

शाळेत खिचडीचं नवं पातेलं आलं तवाची गोष्ट सांगते. तांदळावर बोटाचं एक पेर बुडेल एवढं पाणी, हे आमचं माप. माझ्या आईचं तेच, सासूचं तेच. आता नवं पातेलं चांगलं ऐसपैस रुंद, तांदूळ तेवढेच. म्या आपलं नेहमीसारखं पेरभर पाणी घातलं. दुपारी बघते तर खिचडी कुठली, लापशी! पोरं खातात का पितात, कळंना. झालं, वनितानं आठवीचा अख्खा वर्ग माझ्या चुलीपाशी आणला. एकानं पातेल्याला सुतळी गुंडाळली, एकीनं आत पट्टी उभी केली.

"पातेलं रुंद झालं की तळ वाढतो," ती पोरांना सांगत होती. "आता तळ वाढल्यावर त्याच एका पेरात पाणी किती मावलं असेल?"

"लई!" पोरं ओरडली.

"लई म्हणजे किती? चला, काढा!" ही त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडली.

माझ्या चुलीवर माझीच चूक मोजत बसलेत म्हटल्यावर मला असा संताप आला! म्या म्हटलं, "उद्या तूच घाल पाणी." दुसऱ्या दिवशी तिनं हिशेबानं लोटे मोजून पाणी घातलं, पण तांदळाबरोबर डाळ पण पाणी पिते हे बाईसाहेब विसरल्या. पोरांनी त्या दिवशी दाताखाली कडाकडा फोडत खिचडी खाल्ली. हसून हसून म्या पदर तोंडात कोंबला. ती पण हसली, न्हाई असं न्हाई. तिसऱ्या दिवशी दोघींनी मिळून बेत जमवला, आन् तवापास्नं त्या पातेल्याला आतनं एक खूण हाय.

पोरं तिच्यावर जीव टाकायची. गणिताच्या तासाला वर्गातनं असा कालवा यायचा की हेडसर दोनदोनदा डोकावून जायचे. एकटी प्रेरणा तेवढी गप्प असायची. आमच्याच गावातल्या चंद्राबाईची ही लेक, आठवीत. हुशार पोरगी, पण क्षेत्रफळ विचारलं की परिमिती काढून मोकळी व्हायची. एक दिवस तिनं पेन खाली ठेवलं आन् सरळ विचारलं, "मॅडम, परिमिती सारखी आली म्हंजे आतली जागा पण सारखीच की. मग दोन्ही कशाला काढायचं?" आन् गंमत म्हंजे आमच्या गावची जेवढी पोरं वर्गात होती, तेवढ्या समद्यांनी माना डोलवल्या.

 संध्याकाळी स्कूटीवरनं घाट उतरल्यावर वनिता म्हणली, "ताई, दुसऱ्या गावची पोरं असं म्हणत नाहीत. आपल्याच गावची पोरं म्हणतात. कड सारखी तर जागा सारखी. हे कुठून आलं त्यांच्या डोक्यात?"

"त्यात खोटं काय हाय?" म्या म्हटलं. "दोरी सारखी तर वावर सारखं."

तिनं स्कूटी कडेला घेतली आन् मागं वळून माझ्या तोंडाकडं बघत बसली. मग मला तिला दोरीचं समदं सांगावं लागलं, कारण लगीन होऊन तिला वरीस पण झालं न्हवतं आन् आमची वाटणी तिनं बघितलीच न्हवती.

आमचं गाव भाटघर धरणाच्या मागच्या पाण्याकाठी. पावसाळ्यात पाणी पार वरच्या शेतांपर्यंत येतं. होळीच्या सुमाराला ते मागं सरतं आन् खाली गाळाची काळीभोर जमीन उघडी पडते. कागदोपत्री ती सरकारची. गाव मिळून ती उन्हाळ्यापुरती कसायला घेतं, आपसात वाटून घेतं आन् जनावरांसाठी मका करतं. पण दरसाल पाणी येऊन बांध, खुणा, समदं धुऊन नेतं. म्हणून दरसाल नवी वाटणी, आन् ती करायची दोरीनं. घायपाताची लांबच लांब दोरी, दोन्ही टोकं गाठ मारून जोडलेली. चार खुंट्यांवर ती ताणायची. दोरीच्या आत जेवढं आलं तेवढं त्या घराचं. मग दोरी उचलून पुढच्या घराला. जागा कुठं चौकोनी मिळते, कुठं लांबट, जशी पडेल तशी. दोरी मात्र समद्यांना एकच, त्यामुळं कुणाची तक्रार न्हाई.

ती दोरी धरायचा मान आमच्या घराचा. माझे सासरे आनंदराव, त्यांना आमी सुना मामंजी म्हणतो आन् गाव आबा म्हणतं. ते ती दोरी वरीसभर माळ्यावर जपून ठेवतात, होळीला तिला हळदकुंकू वाहतात. पयली खुंटी आमची, कारण मान आमचा. शेवटची खुंटी चंद्राबाईची, कारण तिचं घर वस्तीच्या पार टोकाला. तिच्या वाट्याला दरसाल खडक आन् पाणी ह्यांच्या मधली चिंचोळी पट्टी यायची.

चंद्राबाईचा मालक मागंच वारला. घरात मायलेकी आन् काशी नावाची म्हस. काशीच्या दुधावर घर चालायचं. पण बाईचा चारा दरसाल समद्यांच्या आधी संपायचा. "पेरतेच पातळ, मग उगवणार काय?" असं गाव म्हणायचं. त्याला पुरावा पण होता. गाव मिळून मक्याचं बी आणतं, घरटी सारखं. आमचं बी दरसाल कमी पडायचं आन् चंद्राबाईचं उरायचं. मीच पाटी घेऊन तिच्याकडं जायची आन् उरलेलं बी घेऊन यायची. "जरा हात सैल सोडून पेरत जा की बाई!" असं वर ऐकवून यायची.

आन् यंदा चंद्राबाईनं हाय खाल्ली होती. होळीनंतर काशीला विकायची, प्रेरणाला भोंगवलीला मावशीकडं ठेवायची आन् आपण कुठंतरी कामाला लागायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. व्यापारी येऊन म्हस बघून गेला होता. प्रेरणा वर्गात गप्प का असते, ते वनिताला त्या दिवशी माझ्याकडनं कळलं. तिचे डोळे भरून आले. पण घरी पोचेस्तोवर त्या डोळ्यांत काहीतरी दुसरंच चमकत होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं वर्ग मैदानात काढला. एक लांब सुतळी घेतली, टोकांना गाठ मारली आन् जाहीर केलं, "सुतळी ताणलेली पाहिजे. आत जितके मावतील तितके उभे राहा. कोण कसा आकार करतो बघू!"

आधी पोरांनी सुतळी लांबट केली. दोघं दोन टोकांना, आत एकामागं एक, जेमतेम एक रांग. बाकीचा वर्ग बाहेर ओरडतोय, "सरका की! आमाला घ्या!" मग वनिता म्हणली, "आता चौघं चार कोपऱ्यांना जा." सुतळी तीच, गाठ तीच. चौकोन झाला आन् पोरं भसाभस आत शिरायला लागली. रांगेतली समदी शिरली, बाहेरची शिरली, तरी मधी फुगडी घालायला जागा! पोरांनी एकच गिल्ला केला. "मॅडम, अजून जागा हाय!" "शिपाईमामा, या!" "मंगलमावशी, तुमी पण या!" मी हातात डाव घेऊन तशीच धावले आन् आत जाऊन उभी राहिले. खरं सांगते, अंगावर काटा आला. माझ्या डोळ्यांदेखत तेवढीच सुतळी दुपटीच्या वर माणसं घेऊन बसली होती! एक पोरगं म्हणलं, "मॅडम, गोल केलं तर?" गोल केलं तर आणखी दोघं मावली. वनिता तर टाळ्या पिटत नाचायचीच बाकी राहिली होती.

प्रेरणा एका कोपऱ्याला सुतळी धरून उभी होती. ती हसत न्हवती. आत दाटलेल्या पोरांकडं बघत होती. एकदम तिच्या हातनं सुतळी सुटली.

"मॅडम!" ती ओरडली. "मॅडम, आमची दोरी! आमची दोरी पयल्यांदा केली तशी असती. लांबट. दरसाल!"

कालवा थांबला. वनितानं माझ्याकडं बघितलं, म्या तिच्याकडं. दोरी कुणाच्या घरची, ते दोघींना ठाऊक होतं.

त्याच दुपारी हेडसरांना विचारून ती आठवीला पाण्याकाठी घेऊन गेली. मी भांडी तशीच टाकून मागं. पाणी तवा मागं सरलेलंच होतं, आन् मागल्या सालच्या जागा गावच्या पोरांना पाठ होत्या. खडकाखालची पट्टी मोजली, सत्तर मीटर लांब, दहा मीटर रुंद. वरची आमची सपाटी मोजली, चाळीस लांब, चाळीस रुंद. प्रेरणानं वहीत परिमिती काढली. "एकशे साठ," ती म्हणली. "आन् आबांची पण एकशे साठ." पोरांनी हूं केलं. मग क्षेत्रफळ. तिनं एकदा काढलं, खोडलं, परत काढलं. 

"चुकलं असंल मॅडम."

"नाही चुकलं," वनिता म्हणली. "मोठ्यानं वाच."

"आमचं सातशे. आबांचं सोळाशे." पोरगीनं वर बघितलं. "शंभराला एक गुंठा धरला तर आमाला सात गुंठे, आन् आबांना सोळा."

 रागाची मी, पण तवा राग कुणावर काढायचा हेच सुचंना.

परतताना म्या वनिताला बजावलं, "हे घरात काढलंस तर घर डोक्यावर घेतील मामंजी."

"नाही काढलं तर काशी जाईल, ताई. आणि ही पोरगी पण जाईल."

"अगं, पण तुझा सासरा हाय तो!"

"म्हणूनच सांगायचं. दुसऱ्या कुणी सांगितलं तर त्यांना जास्त लागेल."

संध्याकाळी चहाच्या वेळेला तिनं सांगितलंच. डोक्यावर पदर, हातात कपबशी, आवाज एकदम मऊ. मामंजींनी समदं ऐकून घेतलं. मग बशी खाली ठेवली.

"माझ्या आज्यानं धरलेली दोरी. माझ्या बापानं धरलेली. ती खोटी?"

"दोरी खरीच आहे, मामंजी. पण दोरी कड मोजते. जनावरं कड खात नाहीत, आतला चारा खातात."

मला ते इतकं पटलं की माझ्या तोंडून "व्हय की!" निघून गेलं. मामंजींनी माझ्याकडं असं बघितलं की मी चुलीपुढं जाऊन बसले. ते उठले, टोपी घातली आन् दारातनं म्हणले, "सूनबाई, शाळंतलं शाळंत ठेवायचं. ह्या हातानं म्या आजवर कुणाचं ढेकूळभर कमी केलं न्हाई." चहा तसाच राहिला. पुढं वाटणीपर्यंत ते आमच्या दोघींशी एक अक्षर बोलले न्हाईत. माझा जळफळाट होत होता. मामंजींचा राग यायचा, कारण ऐकत न्हाईत. वनिताचा यायचा, कारण बरोबर होती. खरी गोष्ट म्हंजे मामंजी खोटं बोलत न्हवते. माणूस देवासारखा सरळ, कुणाचं कधी लुबाडलं न्हाई. त्यांना मनापास्नं वाटायचं की आपण सारखं वाटतोय.

वाटणीचा दिवस उजाडला. अख्खं गाव पाण्याकाठी. रविवार होता, म्हणून पोरं पण आली. नारळ फुटला, दोरीला हळदकुंकू झालं. बंडूनं आमची पयली खुंटी ठोकली. बंडू आमचा शेजारी, दरसाल खुंट्या ठोकायचं काम त्याचं. दोरी ताणली, चाळीस बाय चाळीस, नेहमीची सपाटी. मग दुसरं घर, तिसरं घर. वनिता पोरांमधी उभी, ओठ घट्ट मिटलेले. सून माणूस, सासऱ्याच्या मानाच्या कामात गावासमोर बोलणार कशी? प्रेरणा आईच्या शेजारी उभी होती, आन् ती वर बघतच न्हवती. शेवटी दोरी खडकाखाली गेली. लांबट ताणली. बंडूनं खुंटी ठोकली आन् दरसालची आरोळी दिली, "दोरी सारखी, वाटा सारखा!"

गाव म्हणलं, "सारखा!"

मग टेम्पोतनं बियाच्या पिशव्या उतरल्या. घरटी नऊ किलो. मामंजींनी आमची पिशवी उचलली, हातानं तोलून बघितली आन् इतक्या दिवसांत पयल्यांदा माझ्याशी बोलले. अगदी सहज, सवयीनं.

"मंगल, पेरा झाला की चंद्राबाईकडनं उरलेलं बी आणायचं ध्यानात ठेव. आपलं कमी पडतंय."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. देवाशप्पथ सांगते, इतकी वरसं मी पाटी घेऊन ज्या वाटेनं जायची, ती समदी वाट माझ्या डोळ्यांपुढनं गेली. आन् माझा आवाज तर तुमाला ठाऊकच हाय.

"का कमी पडतंय, मामंजी?"

गाव माझ्याकडं वळलं. पदर सावरायचं पण भान राहिलं न्हाई मला.

"दोरी सारखी, वाटा सारखा, बी सारखं. पेरणारा हात पण तुमचा जुना, तोललेला. मग दरसाल आपलंच का कमी पडतंय? आन् हिचंच का उरतंय?"

"ती पातळ पेरती म्हणून!" मागनं बंडू म्हणला. दोघंचौघं हसले.

तवा चंद्राबाई बोलली. ती बाई चारचौघांत कधी बोलायची न्हाई. पिशवी उराशी धरून, अगदी हळू म्हणली, "पातळ न्हाई पेरत मी. माझं वावरच तेवढ्यात संपतंय."

कुणी हसलं न्हाई.  मामंजींनी तिच्याकडं बघितलं, मग हातातल्या पिशवीकडं. सत्तर, दहा, सोळाशे ह्यांवर त्यांचा विश्वास न्हवता. पण बियावर होता. जन्मभर त्यांनी मुठीनं बी टाकलेलं, कुठली मूठ कुठवर जाते ते त्यांना झोपेत पण कळायचं. त्यांनी पिशवी खाली ठेवली आन् ते खडकाखालच्या पट्टीत गेले. पेरणी करतात तशी रिकामी मूठ टाकत टाकत टोकाला गेले, वळले, परत आले. मग वर आमच्या सपाटीवर तेच. एक फेरा, दुसरा फेरा, तिसरा. सपाटीच्या अर्ध्यावरच पट्टीएवढ्या मुठी टाकून झाल्या आन् ते थांबले. तिथनंच हाक मारली.

"वनिता!"

सूनबाई न्हाई, वनिता! आमची धाकटी धावली. मी पण धावले, मला कोण अडवतंय!

मामंजींचा चेहरा पार उतरला होता. "पोरी, माझ्या बापाला पण हे कळलं न्हवतं गं?"

"कुणालाच नाही कळत, मामंजी," वनिता म्हणली. "माझा वर्ग पण तेच म्हणत होता. दोरी सारखी दिसते ना, मग आत कोण बघतो?"

मामंजी वाकले. बंडूनं ठोकलेली आमची खुंटी दोन्ही हातांनी हलवून उपटली आन् ती घेऊन चालत खाली आले, चंद्राबाईपुढं.

"चंद्रा, धर. पयली खुंटी तुझी. वरची सपाटी यंदा तुला. खडकाखाली मी पेरतो."

"आबा, असं कसं!" चंद्राबाई दोन पावलं मागं सरली.

"असंच. आन् पुढच्या होळीला आधी ही शाळंतली पोरं आतली जागा मोजतील, मग खुंट्या. दोरी हाय तशीच राहील, तिचा मान राहील. पण आत काय आलं ते बघितल्याबिगर म्या दोरी उचलणार न्हाई."

आमचे मालक कुमार पुटपुटले, "आबा, मग आपल्या बैलांचं काय?"

"बैलांना सांग, शाळंत जा!" मामंजी गरजले, आन् गावाला असं हसू फुटलं की बंडू पण हसला. प्रेरणा पळत येऊन वनिताच्या कमरेला मिठी मारून रडायला लागली. मी रडले का? रडले की! मोठ्यानं रडले. मला हळू काही जमतच न्हाई.

व्यापाऱ्याला चंद्राबाईनं त्याच संध्याकाळी "म्हस द्यायची न्हाई" म्हणून फोन केला.

पेरा झाल्यावरची गोष्ट. मी अंगणात धान्य पाखडत होते. मामंजी ओट्यावर बसलेले, शेजारी बियाची पिशवी. खडकाखालची पट्टी पेरून झाली होती आन् पिशवीत बी उरलं होतं. जन्मात पयल्यांदा आमच्या घरात बी उरलं होतं. तेवढ्यात फाटकाशी चंद्राबाई. हातात रिकामी पाटी, मागं प्रेरणा. बाई आत येईना, लाजून नुसती उभी.

"काय गं चंद्रा?" मामंजी म्हणले.

"आबा..." तिला हसू पण येत होतं आन् डोळ्यांतनं पाणी पण. "आबा, माझं बी कमी पडलं."

म्या सूप खाली ठेवलं. आतनं वनिता दारात येऊन उभी राहिली.

"किती पायजे?" मामंजींनी विचारलं. चंद्राबाईनं लेकीकडं बघितलं.

प्रेरणा पुढं आली. हात मागं बांधून, वर्गात उत्तर द्यावं तशी उभी राहिली. "आबा, सात गुंठ्यांत आई सव्वापाच किलो पेरायची. म्हंजे गुंठ्याला पाऊण किलो. मग सोळा गुंठ्यांना बारा किलो. नऊ मिळालं. तीन किलो पायजे."

मामंजी तिच्याकडं बघत राहिले. मग वनिताकडं बघितलं. तिचा चेहरा असा फुलला होता की काय सांगू!

त्यांनी तराजू काढला. तीन किलो नीट जोखून पाटीत ओतलं. पिशवीच्या तळाला थोडं बी राहिलं होतं. मामंजींनी पिशवी उलटी केली आन् ते पण पाटीत झटकलं.

"आबा, तीनच पायजे," प्रेरणा म्हणली. "हे जास्त झालं. हे तुमचं हाय."

मामंजींनी रिकामी पिशवी नीट घडी करून मांडीवर ठेवली.

"ने समदं, पोरी," ते म्हणले. "आमचं वावर तेवढ्यात संपलं."